पाठ

प्रज्योत खरातचा चेहरा मला विचारू नका.
पाठ विचारा.
आठ वर्षं मी गोलात उभा होतो आणि तो माझ्यापुढं.
उजवा खांदा जरासा खाली,
मानेवर रुपयाएवढा भाजल्याचा डाग,
बनियनवर मार्करनं काढलेला चार.
त्याची पाठ मला पाठ आहे.

आमचं मैदान म्हणजे जालन्याच्या मोंढ्यातला लिलावाचा ओटा.
रविवारी अडते नसायचे, हमाल नसायचे.
आधी झाडू मारायचो.
चाकाखाली तुरीचा एक दाणा आला
की माणूस थेट शटरवर.
स्टिका पीव्हीसी पाइपच्या, टोकाला प्लायवूड,
पक म्हणजे ट्रकच्या टायरची चकती,
माझे पॅड बियाण्याच्या गोण्यांचे, आत गादीचा फोम.
एप्रिलात सिमेंट असं तापायचं
की चाकांचा वास घरापर्यंत यायचा.

बर्फ आम्हाला माहीत होता, पण वेगळा.
त्याचा बाप बर्फाच्या कारखान्यात.
आकड्यानं लादी ओढायची, भुशात दाबायची,
लग्नसराईत पहाटे तीनला टेंपो भरायचा.
एका रात्री आम्ही तिथं दोन लाद्या जोडल्या
आणि चपला काढून वर उभे राहिलो.
अर्धा मिनिट असेल. पाय बधिर.
तो म्हणाला, "सरकतंय लेका."
मी म्हणालो, "उतर, तुझा बाप आला."

मग लेहचं शिबिर. मी पण जाणार होतो,
पण गोलीचं सामान महाग
आणि त्या साली मिलमध्ये जागा निघाली.
आता तो कारागंड्यात खेळतो, दुसऱ्या फळीत.
करार एका वर्षाचा, वाढला तर वाढला.
तीन हंगामांत दोन गोल,
त्यातला एक कुणाच्या तरी बुटाला लागून.
नावापुढं लिहिलेलं असतं : उणे अकरा.
म्हणजे तो बर्फावर असताना
आपण केले त्याहून अकरा जास्त खाल्ले.
जे झालेच नाहीत, ते गोल
कोण मोजणार?
बाप मला विचारतो, "तिथं एवढा बर्फ,
अन् कोणी विकत नाही?"

माझी दुसरी पाळी असते.
लाल सळई सापासारखी येते,
चिमट्यानं तोंड धरायचं, वळवायचं, पुढच्या रोलमध्ये घालायचं.
उभं राहणं तेच आहे, डोळे तसेच,
फक्त इथं आलेलं आत जाऊ द्यायचं असतं.
सवय व्हायला मला वर्ष लागलं.

साडेसातला मॅच, आठला जेवणाची सुट्टी.
फोन डब्याला टेकवून ठेवतो.
तिथला माणूस त्याला "कारात, कारात" म्हणतो.
परवा त्यानं आडवं पडून फटका अंगावर घेतला,
उठायला वेळ लागला,
आणि कॅमेरा जवळ गेला.
सुजलेला ओठ, समोरचे दोन दात नाहीत,
कोण हा?
मला खरंच ओळखू आला नाही.
मग तो वळला, खांदा खाली गेला,
आणि माझा घास पुढं सरकला.

रात्री त्याचा फोन. बोलताना हवा निसटत होती.
"करार नाही वाढणार बहुतेक. खांद्याचं ऑपरेशन सांगायलेत."
मी म्हणालो, "मग?"
तो म्हणाला, "इथला गोली रशियनमध्ये ओरडतो.
शब्द पाठ केलेत, पण पाय थांबतात.
आधी कळावं लागतं, मग वळावं लागतं.
तू नुसतं डावं म्हणायचास."
थोडं थांबून विचारलं, "मोंढ्यात तूर आली का?"
आली, म्हणालो. ढीग लागलेत.

आज शेवटच्या दोन मॅचेसपैकी एक.
शेवटची चार मिनिटं. समोरचा काठाकाठानं येतोय,
प्रज्योत मधे बघतोय.
"डावं! डावं, पज्या!"

भट्टीच्या आवाजातही ते सगळ्यांना ऐकू गेलं.
शेजारी जेवणाऱ्या उपेंदरला वाटलं, त्यालाच म्हणालो.
त्यानं दचकून आपला डबा
डावीकडं सरकवला.